लॉगिन झालं, पण फाइल्स कुठायत?

ऑफिसात एफटीपी एकदम मख्खन चालतं. घरी मात्र तेच युजरनेम, तोच पासवर्ड, लॉगिनही ओके... आणि फाइल्सची यादी काही येत नाही. थोड्या वेळानं 'कनेक्शन टाइम्ड आउट'! सकाळी नऊला क्लायंटला डिझाइन पाठवायचंय आणि तुम्ही पासवर्ड पुन्हा पुन्हा टाइप करताय. थांबा, बॉस. लॉगिन झालं म्हणजे पासवर्ड बरोबरच आहे. बहुतेक वेळा गोची असते घरच्या राउटरपाशी.

एफटीपीचा पहिला आराखडा १९७१ साली लिहिला तो आयआयटी कानपूरमध्ये शिकलेल्या अभय भूषण यांनी. तेव्हा घरोघरी राउटर कुठले? एफटीपीला दोन कनेक्शन्स लागतात. पहिलं पोर्ट २१ वर, हुकूम सोडायला. दुसरं यादी आणि फाइल्स आणायला. 'ॲक्टिव्ह' मोडमध्ये हे दुसरं कनेक्शन सर्व्हर उलटं आपल्याकडे लावतो. आपला कम्प्युटर त्याला पत्ता देतो तो बऱ्याचदा १९२.१६८ नं सुरू होणारा, म्हणजे फक्त घरात चालणारा. कुरिअरवाल्याला बिल्डिंगचं नाव न सांगता 'आतली खोली, खिडकीशेजारी' एवढंच सांगावं तसं! त्यात राउटर पडला वॉचमन. न बोलावलेल्याला तो गेटवरूनच परत पाठवतो.

मग करायचं काय?

पॅसिव्ह व्हा : या मोडमध्ये दोन्ही कनेक्शन्स आपणच लावतो, त्यामुळे वॉचमनची कटकट नाही. फाइलझिलात साइट मॅनेजरमधल्या 'ट्रान्स्फर सेटिंग्ज'मध्ये 'पॅसिव्ह' निवडा. ब्राउझरमध्ये एफटीपीचा पत्ता टाकत असाल तर तो नाद सोडा. क्रोम आणि फायरफॉक्सनी २०२१ मध्येच ती सोय काढून टाकली.

तरीही अडतंय? : लॉगमधली '२२७'ची ओळ बघा. तिथे सर्व्हरचा पत्ता १९२.१६८ किंवा १० नं सुरू होत असेल, तर घोळ त्यांच्याकडे आहे. ती ओळ जशीच्या तशी आयटीवाल्याला पाठवा. पत्ता ठीक असेल तर पॅसिव्हचे पोर्ट्स त्यांच्या फायरवॉलमध्ये उघडे आहेत का, ते विचारा.

घरीच सर्व्हर ठेवलाय? : राउटरमधला वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर नेटवाल्यानं तुम्हाला अनेकांबरोबर एकाच पब्लिक पत्त्यामागे बसवलंय. मग पोर्ट फॉरवर्डिंगवर रात्र घालवू नका, त्याच्याकडे पब्लिक आयपी मागा.

आणि वैतागून फायरवॉल बंद करणं, अख्खा कम्प्युटर डीएमझेडमध्ये टाकणं हे प्रकार तर नकोच. ते म्हणजे किल्ली हरवली म्हणून दारच काढून ठेवणं!

खरं तर साध्या एफटीपीत तुमचा पासवर्ड उघडाच प्रवास करतो, वाटेत कुणीही वाचावा असा. एसएफटीपीत सगळं एकाच कनेक्शनवरून, बहुधा पोर्ट २२ वरून, आणि कुलूपबंद जातं. राउटरही कुरकुर करत नाही. तेव्हा पुढच्या डेडलाइनआधीच आयटीवाल्याला विचारून ठेवा, "आपल्याकडे एसएफटीपी आहे ना?"