सेलचा मोह आणि खेळाची गोडी

आषाढ लागला की कापडाच्या दुकानांवर सेलच्या पाट्या झळकू लागतात. त्याचे कारण समजायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. पावसात गिऱ्हाईक कमी, गोदामात माल पडून, आणि दसरा-दिवाळीचा नवा माल यायच्या आत जागा तर मोकळी व्हायला हवी! परंतु व्हिडिओ गेमच्या दुकानात सेल का लागावा? तेथे ना गोदाम, ना कापडाचे तागे, ना कसर लागण्याची भीती. संगणकावरील गेमचे सर्वांत मोठे दुकान म्हणजे 'स्टीम'. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने ते २००३ साली सुरू केले. तेथून एखाद्या गेमची एक प्रत विकली गेली काय किंवा एक लाख प्रती विकल्या गेल्या काय, मूळ प्रत जागच्या जागीच असते. तरीही दर उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात तेथे महासेल लागतो आणि आमच्यासारख्या गेमवेड्यांची झोप उडते. जो माल कधी संपणारच नाही, त्यासाठी 'त्वरा करा'चा पुकारा कशाला?

याचे उत्तर गिऱ्हाइकांच्या स्वभावात आहे. काहींना धीर नसतो. ते पहिल्याच दिवशी पूर्ण किंमत मोजतात. काही सहा महिने थांबतात, तर काही पाव किंमत झाल्याशिवाय खिशात हात घालत नाहीत. विक्रेता किंमत पायरीपायरीने उतरवतो आणि प्रत्येकाच्या खिशाची खोली मोजून घेतो. विक्रीच्या शंभर रुपयांतले साधारण तीस रुपये दुकान ठेवून घेते. प्रत जास्तीची निघायला जवळजवळ काहीच खर्च नसल्याने उरलेले सत्तरही गेम काढणाऱ्याला परवडतात. शिवाय तेथे 'विशलिस्ट' नावाची एक सोय आहे. हवासा वाटणारा गेम आपण त्या यादीत टाकायचा; त्यावर वीस टक्के किंवा अधिक सूट निघाली की दुकान आपल्याला निरोप धाडते. म्हणजे गळाला कोणते आमिष लावावे, हे माशानेच लिहून द्यायचे!

याचा अर्थ सेल वाईट असा मुळीच नव्हे. पदपथावर चोरीच्या सीड्या विकल्या जात, तो काळ फार जुना नाही. २०१५ साली स्टीमवर रुपयात किमती आल्या आणि सेलच्या दिवसांत सामान्य घरातल्या मुलालाही चोरी न करता चांगला गेम घेता येऊ लागला. त्याच वर्षी आणखी एक सोय झाली: खरेदीला चौदा दिवस झाले नसतील आणि गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर पैसे परत मिळतात. हे पुण्य सेलवाल्यांच्या पदरात टाकलेच पाहिजे.

माझी तक्रार आहे ती आम्हा खेळणाऱ्यांविषयी. कॅन्टीनमध्ये चार गेमवेडे जमले की पहिला प्रश्न असतो, "कितीला मिळाला?" दुसरा प्रश्न, "किती टक्के सूट?" त्या गेममध्ये आहे काय, तो खेळून मनात काय उरले, हा तिसरा प्रश्न क्वचितच कुणाच्या तोंडी येतो. कादंबरीविषयी आपण असे बोलतो का? एखाद्याने ग्रंथप्रदर्शनातून पाच कादंबऱ्या निम्म्या किमतीत आणल्या आणि एकीचेही पान उलटले नाही, तर त्याला आपण वाचक म्हणत नाही.

म्हणून येथे किमती बाजूला ठेवून माझ्या आवडीच्या काही गेमविषयी लिहितो.

पहिला मान 'टेट्रिस'चा. १९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी तो तयार केला. चार चौकोनांच्या सात आकृत्या वरून पडतात, त्या नीट रचायच्या. ओळ भरली की ती नाहीशी होते. आपली बरोबर मांडणी पुसली जाते आणि चुका तेवढ्या डोळ्यांसमोर साचत राहतात! यात कथा नाही, पात्रे नाहीत, तरी चाळीस वर्षे उलटून गेल्यावरही त्याची गोडी कमी झालेली नाही.

दुसरा 'पेपर्स, प्लीज'. ल्युकस पोप यांचा हा गेम २०१३ साली आला. काळ १९८२ चा, देश काल्पनिक, आणि आपण सरहद्दीवरचे एक कारकून. प्रवाशांची कागदपत्रे तपासायची आणि शिक्का मारायचा, एवढेच काम. जितकी माणसे तपासाल तितका पगार. त्यातून रात्री घरभाडे, जेवण आणि ऊब यांचा खर्च भागवायचा. एकदा एक नवरा येतो, त्याची कागदपत्रे चोख असतात. मागून त्याची बायको येते, तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नसतो. तिला सोडले तर ठपका, आणि ठपके वाढले की दंड. न सोडावे तर मन खाते. नोकरशाहीवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण तो शिक्का आपल्याच हाताने मारायला लावणे हे गेमलाच साधते.

तिसरा 'धिस वॉर ऑफ माइन'. पोलंडमधील कलाकारांनी २०१४ साली काढलेल्या या गेममागे १९९२ ते १९९६ या काळातील सारायेव्होच्या वेढ्याची प्रेरणा आहे. युद्धावरच्या गेममध्ये आपण सहसा बंदूकधारी शूर असतो. येथे आपण असतो पडक्या घरात लपलेली उपाशी माणसे. औषधासाठी दुसऱ्या असहाय म्हाताऱ्यांचे घर लुटायचे की नाही, असे प्रश्न रात्री उभे राहतात. २०२० साली पोलंड सरकारने या गेमचा समावेश शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत केला. आपल्या अभ्यासमंडळांच्या कानावर ही बातमी गेली असेल काय?

चौथा 'राजी'. हा आपल्या पुण्याचा. नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने तो २०२० साली आणला. डोंबाऱ्यासारखे खेळ करणारी एक मुलगी असुरांनी पळवलेल्या आपल्या भावाच्या शोधात निघते. छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा आणि किल्ल्यांची चित्रे पाहून मन प्रसन्न होते. लढाया मात्र पुढे पुढे त्याच त्या वाटतात आणि शेवट घाईत उरकला आहे, हे पुण्याचा अभिमान बाळगूनही म्हटले पाहिजे. हे दोष त्याला दाखवणे हाच त्या गेमचा खरा सन्मान. सूट किती होती एवढेच सांगणारा माणूस त्याचा कसलाच सन्मान करीत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. सेलमध्ये पैसे वाचतात, वेळ वाचत नाही. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चित्रे, संगीत, लेखन असे सारे काही स्वतः करून २०१६ साली काढलेला 'स्टारड्यू व्हॅली' घ्या. हा शेतीचा गेम. त्यातला एक दिवस आपल्या घड्याळाने सुमारे १४ मिनिटांचा. ऋतू चार, प्रत्येकाचे दिवस २८. म्हणजे तेथले एक वर्ष संपायला आपले सुमारे २६ तास जातात. असे पाच गेम सेलमध्ये घेतले तर १३० तास झाले. रोज एक तास खेळणाऱ्या विद्यार्थ्याचे चार महिन्यांहून अधिक, म्हणजे अख्खे सत्र! सूट ऐंशी टक्के मिळाली तरी हे १३० तास कुणी शंभरावर आणून देत नाही.

आणि जे घेतले ते आपले तरी होते का? दुकान आपल्याला विकते तो केवळ परवाना. तो मित्राला पुस्तकासारखा देऊन टाकता येत नाही, जुन्या बाजारात विकता येत नाही. २०१४ चा 'द क्रू' हा मोटारशर्यतीचा गेम यूबीसॉफ्ट कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला. पैसे मोजून घेतलेल्यांनाही तो एकट्याने खेळता येईना. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तर १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू आहे की, केवळ परवाना देत असाल तर खरेदीच्या वेळी तसे स्पष्ट सांगा. तेव्हा आज स्वस्त आहे म्हणून घेऊन ठेवू आणि म्हातारपणी खेळू, या हिशोबात अर्थ नाही. खेळायचा तेव्हाच घ्यावा.

गेम म्हटले की वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पैसे लावून खेळली जाणारी रमी येते. पैशांच्या अशा ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला, तेव्हा 'सगळेच गेम बंद झाले का?' असे अनेकांनी विचारले. वर वर्णिलेल्या एकाही गेममध्ये पैज नाही. जुगार वेगळा आणि ही कला वेगळी. पण हा भेद इतरांनी ओळखावा असे वाटत असेल तर आधी आपण या विषयावर कलेच्या भाषेत बोलायला हवे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ साली टेट्रिससह चौदा गेम आपल्या संग्रहात घेतले. तेथे कुणी त्यांना सवलतीचा शिक्का पाहून निवडले नव्हते.

शेवटी एक सूचना करतो. आपले वाङ्मय मंडळ दरवर्षी पुस्तकांवर चर्चा घडवते, अधूनमधून चित्रपटही दाखवते. येत्या वर्षी एका सत्रात एकच गेम निवडावा; विद्यार्थ्यांनी तो खेळावा, प्राध्यापकांनीही तासभर खेळून पाहावा आणि मग एका दुपारी त्यावर मोकळेपणाने बोलावे. 'पेपर्स, प्लीज'पासून आरंभ केल्यास राज्यशास्त्र विभागाची हरकत नसावी. त्या दुपारी कुणी किंमत मात्र विचारू नये.