राणीच्या काळातले सिनेमे मुलांना दाखवायचे, पण कुठले?



सुट्टी जवळ आली की पालकांची एक मागणी ठरलेली असते. "मॅडम, मुलं मोबाईलवर काहीबाही बघत बसतात, त्यापेक्षा इतिहासाचं काही चांगलं सांगा ना." शिवरायांवरचे चित्रपट तर घरोघरी पाठ आहेत. म्हणून आज मी त्याच्या बऱ्याच पुढच्या काळाबद्दल लिहिते आहे. व्हिक्टोरिया राणीचा काळ, म्हणजे १८३७ ते १९०१. या काळावरचे सिनेमे शोधायला गेलात तर पहिल्यांदा समोर येतं ते लंडन. धुकं, घोडागाड्या, घेरदार झगे, उंच टोप्या. माझं म्हणणं एवढंच आहे की मावळातल्या मुलांना हा काळ दाखवायचा तर सुरुवात लंडनपासून नको, आपल्या लोकलच्या रुळांपासून करा.

का, ते सांगते. आपल्या पाठ्यपुस्तकांत चौथीला शिवछत्रपती आहेत, सहावीला प्राचीन भारत, सातवीला मध्ययुग. आधुनिक भारत नीट येतो तो आठवीत. तोपर्यंत मुलांना हा काळ भेटतो फक्त जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांत. ३ जानेवारीला सावित्रीबाई, ११ एप्रिलला जोतीराव, १ ऑगस्टला टिळक. मुलं धडाधड भाषण म्हणतात, आपण टाळ्या वाजवतो, संपलं. सावित्रीबाई एका कप्प्यात, टिळक दुसऱ्या, चापेकर बंधू तिसऱ्या आणि "रेल्वे इंग्रजांनी आणली" हे वाक्य चौथ्या. ही सगळी माणसं एकाच शहरात, एकाच हवेत श्वास घेत होती, हे भाषणातून कळत नाही. सिनेमातून कळू शकतं. पण एकेक सिनेमा सुटा दाखवून नाही, जोडून दाखवला तर.

उदाहरण म्हणून एकच वर्ष घ्या, १८९७. पुण्यात प्लेग आहे. डॉक्टर यशवंत फुल्यांचा दवाखाना हडपसरजवळ माळावर चालू आहे आणि सावित्रीबाई आजारी माणसं तिथे पोहोचवतायत. अशाच एका मुलाला पाठीवर घेऊन आल्या, त्यांनाही लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्याच साथीत रँडसाहेब प्लेग कमिशनर म्हणून पुण्यात होता. सोल्जर घरात घुसून झडत्या घेत होते, माणसांना बाहेर काढत होते. २२ जूनला राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी गणेशखिंडीच्या गव्हर्नरच्या बंगल्यात झाली, आणि तिथून परतताना रँड आणि आयर्स्ट यांच्यावर दामोदर आणि बाळकृष्ण चापेकरांनी गोळ्या झाडल्या. मधे दिवस किती गेले? एकशे चार. मुलांना मोजायला सांगा, गणिताचाही तास होतो!

आता सिनेमे. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा '२२ जून १८९७' हा १९७९ चा मराठी चित्रपट. माझ्या मते या काळावरचा आपल्याकडचा सगळ्यात प्रामाणिक सिनेमा. उगाच संगीत वाजवून छाती फुगवत नाही. चापेकर म्हणजे भिंतीवरचं चित्र नाही, रागावलेली, कर्मठ, ठाम तरुण माणसं आहेत. यात टिळकांचं काम सदाशिव अमरापूरकरांनी केलंय. गंमत म्हणजे पुढे श्याम बेनेगलांच्या 'भारत एक खोज'मध्ये (ही मालिका ५३ भागांची, १९८८ ला दूरदर्शनवर सुरू झाली) महात्मा फुले झाले तेही अमरापूरकरच. टिळक आणि फुले, विचारांनी केवढे लांब, आणि चेहरा एकाच नटाचा. मोठ्या मुलांना हे दोन्ही तुकडे शेजारी ठेवून दाखवा आणि गप्प बसा, चर्चा आपोआप सुरू होते.

आणखी एक गोष्ट. त्याच दिवशी, २२ जून १८९७ ला, लंडनमध्ये राणीची जंगी मिरवणूक निघाली होती आणि तिचं खरंखुरं चित्रीकरण झालेलं आहे. छोटे मूक तुकडे आहेत, आजही बघायला मिळतात. घोडदळ चाललंय, झेंडे, गर्दी, छत्रीखाली म्हातारी राणी. ते आधी दाखवायचं. मग हा सिनेमा. राणीचा काळ म्हणजे काय, हे मला तरी याहून चांगलं समजावता येणार नाही. आणि आपल्या मुलांना हे लांबचं वाटायचं कारण नाही. लोणावळ्याहून पुण्याला जाताना आकुर्डीनंतर चिंचवड येतं, ते चापेकरांचं गाव. गव्हर्नरचा तो बंगला म्हणजे आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. लोकलच्या एका तिकिटात अर्धा सिनेमा बघून होतो.

मात्र हा सिनेमा आठवीच्या खाली नको. हत्या आहे, फाशी आहे. शिक्षकांनी आणि पालकांनी आधी स्वतः बघावा.

लहानांसाठी 'उंच माझा झोका' सारखं दुसरं काही नाही. झी मराठीवर २०१२ ला सुरू झालेली मालिका, रमाबाई रानड्यांवर. तेजश्री वालावलकरची छोटी रमा आपल्या तिसरी-चौथीच्या मुलींएवढीच आहे, त्यामुळे मुली लगेच तिच्या बाजूने होतात. पाटीवर अक्षर काढायला घरातल्याच बायका विरोध करतात, हे बघून मुलांना नवल वाटतं. "पण त्या पण बाईच आहेत ना?" हा प्रश्न आला की समजायचं, मालिका पोहोचली. रोज एक भाग पुरे.

'आनंदी गोपाळ' (२०१९, दिग्दर्शक समीर विद्वांस) बहुतेकांनी पाहिला असेल. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल आणि ते मूल दहा दिवसांत जातं, १८८६ ला अमेरिकेत डॉक्टर, आणि बाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत मृत्यू. पाचवीच्या पुढे दाखवा, पण मुलांना एकटं बसवू नका. गोपाळराव चांगला की वाईट, हे मुलं विचारतातच. उत्तर देऊन टाकायची घाई करू नये असं माझं मत. पालकांना वाटतं मुलीला "प्रेरणा" मिळावी. मिळेल हो, पण आधी तिला गोपाळरावाचा राग येऊ द्या की!

फुल्यांवर तीन आहेत. आचार्य अत्र्यांचा १९५४ चा 'महात्मा फुले', २०२४ चा 'सत्यशोधक' आणि २०२५ चा हिंदी 'फुले'. मुलं रंगीत मागतात, तरी मी अत्र्यांचा सुचवते. एका बैठकीत पंधरा मिनिटांहून जास्त नको, काळा-पांढरा सिनेमा मुलांना जड जातो. पण बाबूराव पेंढारकरांचे जोतीराव आणि सुलोचनाबाईंची सावित्री ज्या मुलाने पाहिली, त्याचं ३ जानेवारीचं भाषण वेगळं होतं.

परदेशी सिनेमे अजिबात नकोत का? तसं नाही. १९६८ चा 'ऑलिव्हर!' जरूर दाखवा. डिकन्सची ही कादंबरी क्रमशः छापायला लागली तेच १८३७ साली, राणी गादीवर आली त्या वर्षी. अनाथाश्रमातला पोरगा रिकामा वाडगा पुढे करून आणखी मागतो, हा प्रसंग समजायला इंग्रजी लागत नाही. शालेय पोषण आहाराच्या रांगेत उभं राहणाऱ्या मुलांना तर मुळीच नाही. साहेबाच्या देशात सगळे साहेबच राहतात, हा मुलांचा समज इथे मोडतो. 'व्हिक्टोरिया अँड अब्दुल' (२०१७) मात्र मी मुलांना सुचवणार नाही. म्हातारी राणी आग्ऱ्याच्या अब्दुलकडून उर्दू शिकते, ज्युडी डेंचचं काम सुरेख आहे. पण तो बघून मुलाला राणी प्रेमळ आजी वाटते, आणि त्याच वर्षांत इकडे दुष्काळ आणि प्लेग होता हे कळायला जागाच राहत नाही. मोठ्यांनी बघावा.

ज्यूल व्हर्नच्या 'ऐंशी दिवसांत जगप्रवास'वरचा १९५६ चा सिनेमा सुट्टीत बघायला मजेदार आहे. पण त्याआधी मुलांना मूळ पुस्तकातली एक गोष्ट सांगा. आगगाडीत एक लष्करी अधिकारी नायकाला म्हणतो की काही वर्षांपूर्वी इथे उतरून पालखीने नाहीतर तट्टावरून खंडाळ्यापर्यंत घाट चढावा लागायचा. आपलं खंडाळा, फ्रेंच लेखकाच्या पुस्तकात! आणि ते खरंही आहे. खंडाळा ते पुणे गाडी १८५८ ला सुरू झाली, बोरघाटातला मार्ग १८६३ ला. मधली पाच वर्षं खोपोलीहून वर यायचं ते असंच.

या घाटावर मात्र सिनेमा नाही. चाळीस हजारांवर मजूर एका वेळी राबत होते, हजारो मेले, ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर लगेच वारला आणि त्याची बायको ॲलिस हिने काम पुरं करून घेतलं. एवढा मसाला असून कुणाला सुचलेलं नाही. मग आमच्या वर्गाने ठरवलं, स्नेहसंमेलनात आपणच करू. शिंगरोबा धनगराने साहेबाला घाटाची वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून स्वातंत्र्य मागितलं तेव्हा साहेबाने गोळी घातली, ही जुन्या रस्त्यावरच्या देवळाची कथा मुलांना आजी-आजोबांकडून माहीत असते. घोंगडी आणि काठी जमली आहे. शिंगरोबा व्हायला अकरा जण तयार आहेत, साहेब व्हायला कोणीच नाही. तुमच्या शाळेतून एखादा मिळत असेल तर कळवा.