पहिली पाचशे काडतुसे

पिस्तूल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दोनच जागा येतात. एक पडद्यावरच्या नायकाची कंबर, दुसरी वर्तमानपत्रातली गुन्ह्याची बातमी. अलीकडे तिसऱ्या जागेची भर पडली आहे. चौकात तलवारीने वाढदिवसाचा केक कापायचा, कमरेला खरेखोटे पिस्तूल लावून फोटो काढायचा आणि तो गावभर मोबाइलवर फिरवायचा. अशा वीरांना पुढे पोलीस ठाण्यात बसावे लागते, हेही आपण वाचतोच. पण पिस्तुलाची आणखी एक जागा आहे आणि ती आपल्याला फारशी ठाऊक नाही. ती म्हणजे नेमबाजीची रेंज.

हा विषय काढण्याचे कारण असे की, पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकपासून आमच्या वर्गात नेमबाजीचे वारे आहे. मनू भाकरने दोन कांस्यपदके मिळवली, त्यातले एक सरबज्योतसिंगच्या जोडीने. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये तिसरे कांस्य आणले. कोल्हापूर म्हणजे आम्हा बेळगावकरांचे शेजघर. त्यामुळे 'आपल्या जिमखान्यानेही एक खरे पिस्तूल आणावे' अशी सूचना काही मित्रांनी मांडली. मी तिच्या अर्ध्या भागाच्या बाजूचा आहे. अर्ध्याच का, ते सांगण्यासाठी हा लेख.

माझी मावसबहीण (तिला आम्ही अक्का म्हणतो) कोल्हापुरात २५ मीटर पिस्तूल हा प्रकार खेळते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिच्या परवान्यावर नवे .२२ चे सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल आले. त्याची चाचणी दोन दिवस चालली आणि त्या दोन्ही दिवशी मी रेंजवर होतो. मी एकही गोळी झाडली नाही. अक्काने माझ्या हातात वही दिली आणि म्हणाली, "तू बी.कॉम.चा आहेस की, मग लिही. झाडलेली गोळी, लागलेला गुण, अडकलेले काडतूस. मत लिहू नकोस." मत लिहिण्याची हौस मी आता या अंकात भागवून घेत आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे चाप दाबून धरला की गोळ्यांचा पाऊस, असे अनेकांना वाटते. तसे नाही. एकदा चाप दाबला की एकच गोळी सुटते. स्वयंचलित असते ते पुढचे काम. काडतूस पेटले की वायूचा दाब गोळीला पुढे ढकलतो आणि तोच दाब रिकाम्या पुंगळीला मागे रेटतो. तिच्याबरोबर बोल्ट मागे जातो, पुंगळी बाहेर फेकली जाते, हातोडा ताणला जातो आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना बोल्ट मॅगझिनमधले पुढचे काडतूस नळीत सारतो. ही सारी क्रिया डोळ्यांचे पाते लवायच्या आत होते. दुसरी गोळी सोडायला चाप सोडून पुन्हा दाबावाच लागतो. या खेळातल्या मॅगझिनमध्ये पाच काडतुसे भरतात आणि पिस्तूल एकाच हाताने धरायचे असते. सिनेमातली दोन्ही हातांची ऐट इथे चालत नाही.

या यंत्राची सारी गंमत दाबाच्या मापात आहे. काडतूस थोडे कमजोर निघाले तर बोल्ट पुरता मागे जात नाही आणि पुंगळी दारातच अडकते. .२२ च्या काडतुसात पेट घेणारे रसायन पुंगळीच्या कडेत असते. ते कडेला सारखे पसरले नसेल तर पिन आदळूनही काडतूस मुके राहते. म्हणून नव्या पिस्तुलाची चाचणी म्हणजे खरे तर त्या पिस्तुलाची आणि काडतुसांची सोयरीक जुळवणे. एकाच कंपनीची, एकाच नावाची काडतुसे असली तरी कारखान्यातल्या प्रत्येक लॉटचा स्वभाव निराळा. एखादा लॉट एका नळीला मानवतो, तोच दुसरीला मानवत नाही. इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ एली आणि जर्मनीत शोनेबेक येथे लापुआ या कंपन्यांनी खास यासाठी रेंज ठेवल्या आहेत. तिथे नेमबाज आपले हत्यार घेऊन जातात आणि लॉटमागून लॉट तपासून घेतात.

कोल्हापुरात आमच्याजवळ तीन लॉट होते. पहिल्या दिवशी वाळूच्या पिशवीवर हात टेकवून प्रत्येकातली पन्नास काडतुसे झाडली. पंचवीस मीटरवरच्या कागदावर दहा गुणांचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे असते. एका लॉटच्या पाच गोळ्या दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकल्या जाव्यात अशा लागल्या. दुसऱ्याच्या वर्तुळाच्या कडेपर्यंत पसरल्या. तिसऱ्या लॉटची पुंगळी चार वेळा अडकली. माझ्या वहीत त्यापुढे चार फुल्या आहेत. अक्काने तो डबा बाजूला ठेवला, पण पिस्तुलाला नावे ठेवली नाहीत आणि काडतुसांनाही नाही. "दोघांचे जमत नाही," एवढेच म्हणाली. शेजारच्या लेनवरून पाहणाऱ्या एका गृहस्थांनी मात्र पहिल्या दहा गोळ्यांतच "झकास हत्यार आहे!" असा निकाल देऊन टाकला होता.

त्यानंतर चाप तपासला. या प्रकारात चापाचा ताण किमान एक हजार ग्रॅम हवा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तपासण्याची रीत पाहून मला आमच्या गल्लीतले किराणा दुकान आठवले. पिस्तुलाची नळी सरळ वर धरायची, चापाला एक किलोचे वजन अडकवायचे आणि उचलायचे. वजन उचलले जाईपर्यंत चाप सुटता कामा नये. सुटला तर लाखाचे पिस्तूल स्पर्धेत उभेही राहू शकत नाही. पिस्तुलाचे स्वतःचे वजनही १४०० ग्रॅमच्या वर चालत नाही. दुसऱ्या दिवशीचा बराच वेळ लाकडी मुठीत गेला. अक्का कानस घेऊन मूठ घाशी, हातात धरून पाही, पुन्हा घाशी. सुताराकडे बसल्यासारखे वाटत होते. मग उभ्याने, टेक न घेता दोनशे काडतुसे झाडली. दोन दिवसांचे मिळून साडेतीनशे झाले. पाचशे काडतुसे बिनतक्रार गेल्याशिवाय ते स्पर्धेत न्यायचे नाही, हा तिचा नेम.

'नेम' या शब्दाची मला मौज वाटते. आपण नेम धरतो आणि नेम पाळतोही. कानडी विभागातल्या माझ्या मित्राला विचारले, तर तो म्हणाला की कानडीत नेमाला 'गुरी' म्हणतात आणि आयुष्यातल्या उद्दिष्टालाही 'गुरी'च. कानडीने दूरची बाजू उचलली आहे, मराठीने रोजची. रेंजवर मला मराठी अर्थ अधिक पटला.

एक नियम तर मला आपल्या साऱ्या सार्वजनिक जीवनात आणावासा वाटतो. स्पर्धेत पिस्तूल अडकले तर नेमबाजाने नळी लक्ष्याकडेच ठेवायची, मोकळा हात वर करायचा आणि यंत्राला हात लावायचा नाही. पंच येऊन पाहतो. काडतूस पेटले नाही किंवा पुंगळी अडकली, तर दोष यंत्राचा आणि नेमबाजाला सवलत मिळते. मॅगझिनमध्ये काडतूसच भरले नसेल, सेफ्टी उघडायची राहिली असेल, किंवा पंच येण्यापूर्वी त्याने खुडबुड केली असेल, तर दोष माणसाचा आणि सवलत नाही. इतकी सरळ वाटणी मला वाणिज्याच्या पुस्तकातही क्वचित भेटली.

यंत्राचा दोष किती महाग पडतो हे टोकियोत दिसले. २०२१ मध्ये १० मीटर एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीत मनू भाकरचे पिस्तूल मध्येच बिघडले. दुरुस्तीत काही मिनिटे गेली, घड्याळ मात्र चालूच होते. ती ५७५ गुणांवर बारावी आली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. जगातले उत्तम हत्यार आणि दिमतीला जाणकार माणसे असूनही हे घडते. मग ज्याच्याजवळ एकच पिस्तूल आणि मोजकी काडतुसे आहेत, त्याने चाचणी उरकून कसे चालेल?

आता पैशाचे. स्थिर खर्च आणि बदलता खर्च हा भेद आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात, पण क्रीडासाहित्य घेताना तो कुणाला आठवत नाही. पिस्तूल हा स्थिर खर्च. त्याचे उद्घाटन होते, हार घातला जातो, फोटो निघतो. काडतुसे हा बदलता खर्च, त्यांचा फोटो कोण काढणार? पण एका स्पर्धेत गुणांची साठ काडतुसे लागतात आणि सरावाला दिवसाला शंभर सहज संपतात. पिस्तूल आणून काडतुसांना पैसे न ठेवणे म्हणजे सायकल आणून रस्ता न ठेवणे. शिवाय .२२ साठी परवाना हवा. शस्त्रे ठेवायला पोलादी कपाट, देखरेखीला जबाबदार माणूस आणि मंजूर रेंज हवी. १९५९ चा शस्त्र कायदा याबाबत कडक आहे आणि तो तसाच असावा. २०१९ च्या दुरुस्तीने लग्न-मिरवणुकीत बेजबाबदारपणे बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. तेही योग्यच झाले.

म्हणून सूचनेचा 'खरे पिस्तूल' हा अर्धा भाग मला मान्य नाही. 'नेमबाजी आणावी' हा अर्धा मात्र पुरता मान्य आहे. १० मीटरच्या साध्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, त्याचा छर्रा साडेचार मिलिमीटरचा असतो आणि दहा गुणांचे वर्तुळ अवघे साडेअकरा मिलिमीटरचे. म्हणजे कठीण काही कमी नाही. ऑलिंपिकमधले मनूचे पहिले पदक याच प्रकारातले. या खेळाला धिप्पाड शरीर लागत नाही, मोठे मैदान लागत नाही आणि मुलीने खेळावा की नाही हा प्रश्न तर कोल्हापूरने केव्हाच निकालात काढला आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेती झाली आणि राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक घेतले. आमच्या एन.सी.सी.च्या मुली .२२ रायफलवर मुलांच्या बरोबरीने गट साधतात, मग प्रमाणपत्र मिळाले की तो हात पुन्हा रिकामा का राहावा?

हाणामारीची भाषा करणाऱ्या मुलांच्या हाती ही वस्तू देणे धोक्याचे नाही का, असे आमच्या एका प्राध्यापकांनी विचारले. शंका रास्त आहे. पण रेंजवर मी जे पाहिले ते असे : 'लोड' म्हटल्याशिवाय काडतुसाला हात नाही, लेनपुढे माणूस असेल तेव्हा हत्याराला हात नाही, रिकाम्या पिस्तुलाच्या नळीतही ते रिकामे असल्याची खूण म्हणून केशरी दोरी. दोन दिवसांत कुणी आवाज चढवलेला ऐकला नाही. तिथे पिस्तूल कमरेला लावून फोटो काढू पाहणाऱ्याला त्याच मिनिटाला बाहेरचा रस्ता दाखवतील.

जिमखान्यामागची पडवी मी टेपने मोजली आहे. लांबी चौदा मीटर, टोकाला दगडी भिंत, मध्ये एकही दार नाही. सध्या तिथे मोडकी बाके आणि गॅदरिंगचे जुने पडदे पडून आहेत. दोन लेन आरामात बसतील. छर्रे अडवायला पत्र्याच्या पेट्या, लक्ष्यावर चांगला उजेड, दोन एअर पिस्तुले आणि आठवड्यातून दोन दिवस येणारा प्रशिक्षक हवा. छर्ऱ्यांची तरतूद मात्र पिस्तुलांच्या आधी मंजूर व्हावी. हिशेबाची वही ठेवायला मी तयार आहे.