मुक्तीचा कागद कुणाच्या सहीचा?

दिवाळी सरली. पवन मावळात, नाणे मावळात, लोणावळ्याच्या आसपासच्या कातकरवाड्यांत मुकादम फिरायला लागलेत. पावसाळ्यात घरात दाणा नव्हता तेव्हा घेतलेली उचल आता वसूल व्हायची. आख्खं कुटुंब भट्टीवर जाणार. जेठात हिशेब होतो तेव्हा उचल फिटलेली नसतेच. वही मुकादमाची, अंगठा तेवढा आपला.

वाडीतली जाणती माणसं म्हणतात, "शेठनं सोडलं तर सुटू." आमचं भांडण या बोलण्याशी आहे.

अमेरिकेत काळ्या माणसांना गुलाम म्हणून विकत, तिथं सुटका खरोखरच मालकाच्या मर्जीवर होती. व्हर्जिनिया राज्यानं 1782 साली कायदा केला, की मालकाच्या मनात आलं तर त्यानं गुलामाला लेखी मोकळं करावं. सुटलेला माणूस तो कागद जिवापाड जपायचा. हरवला तर कुणीही धरून पुन्हा विकील. 1806 साली त्याच राज्यानं फर्मावलं, सुटलेल्यानं वर्षाच्या आत राज्य सोडावं. बायकापोरं मालकाकडं, आणि मोकळ्या माणसाला उभं राहायला जागा नाही!

आपला कायदा तसा नाही. वेठबिगारी रद्द करणारा 1976 चा कायदा सांगतो, की 25 ऑक्टोबर 1975 पासून वेठबिगार मोकळा. मालकाची सही लागत नाही. वेठीचं कर्ज बुडालं. ते वसूल करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. कर्ज वेठीचं नव्हतं हे मालकानं शाबीत करायचं, आपण नाही. वेठीच्या बदल्यात राहायला मिळालेल्या घरातनं सुटलेल्याला हुसकता येत नाही, हे कलम 8. जागेसाठी भांडणाऱ्या आपण ते पाठच करावं.

एका कचेरीत आम्हाला ऐकवलं, "वेठबिगार आता कुठं राहिलेत? ती तर ॲडव्हान्स." पण 1983 साली सुप्रीम कोर्टानं दगडखाण मजुरांच्या खटल्यात म्हटलं, जबरीनं राबवलं जात असेल तर ते उचलीपायीच असं धरावं.

सरकारी मुक्तीचा दाखला मात्र मागायचाच. त्याच्याशिवाय पुनर्वसनाचा पैसा हलत नाही. म्हणून भट्टीच्या गाड्या लागायच्या आत प्रत्येक वाडीनं लिहून आणावं: कुणी, कुणाकडनं, किती उचल घेतली, किती हंगाम राबले. बायांची अन् पोरांची नावंही वेगळी लिहा. मुकादमाच्या वहीत ती नसतात.