गोव्यातील वंशावळी आणि चर्चच्या नोंदवह्या

१/ गोव्यातील ख्रिस्ती घराण्यांचे मूळ शोधणारे बहुधा आडनावापासून आरंभ करतात. हा आधार मात्र फसवा आहे. धर्मांतरितांना अनेकदा पोर्तुगीज धर्मपित्याचे अथवा धर्मगुरूचे आडनाव मिळे. त्यामुळे एकाच गावातील दोन फर्नांडिस कुटुंबांत रक्ताचे नाते असेलच असे नाही.

२/ गावकारीच्या दप्तरातून पिढ्या लागतात. परंतु गावकारीचा हक्क बापाकडून मुलाकडे जाणारा. साहजिकच तेथे वंश म्हणजे पुरुषांची साखळी.

३/ चर्चच्या नोंदवह्या येथेच निराळ्या ठरतात. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहांची नोंद ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृत्यूंच्या नोंदीचीही रीत घालून दिली.

४/ बाप्तिस्म्याच्या नोंदीत पित्यासोबत मातेचे नाव येते, धर्मपिता आणि धर्ममातेचेही. तीच नावे इतर नोंदींत पुन्हा भेटली की आजोळचा माग लागू शकतो. काही नोंदींत ‘पिता अज्ञात’ एवढेच शब्द असतात. अशा वेळी वंशाचा सारा भार एका स्त्रीच्या नावावर उभा असतो.

५/ या वह्यांनाही मर्यादा आहेत. त्यांतील मुख्य तारीख संस्काराची. ती जन्मतारीख समजू नये. हिंदू शेजारी तर त्यांत येतच नाहीत.

६/ तरीही वंशावळीत केवळ कुलपुरुष शोधून थांबणे म्हणजे अर्धा इतिहास स्वेच्छेने पुसणे होय. ज्या आजीपणजींची नावे घरातही कुणाला आठवत नाहीत, ती या जीर्ण पानांवर टिकून आहेत. शोधाचा आरंभ तेथूनच व्हावा.