मोटार नाही, मग ओढतो कोण?

हल्ली शहाण्यासुरत्या मंडळींना मोटारीचा वीट आलाय. मोटार नसलेलं गाव पाहिजे, म्हणतात. धूर नको, हॉर्न नको, पोरांना रस्त्यावर खेळता यावं. मलाही तेच पाहिजे. आमच्या घरात सायकलसुद्धा नाही, पण मोटारींचा धूर रोज फुकट मिळतो.

असं गाव मुंबईच्या उशाशीच आहे. माथेरान. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट तिथं चढला आणि गोऱ्या साहेबांची थंड हवेची सोय झाली. १९०७ साली नेरळहून छोटी रेल्वे वर गेली. २००३ साली केंद्र सरकारनं ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवलं. मोटार दस्तुरीला थांबते. पुढं लाल माती, झाडी, माकडं.

मीही गेलो. पहिला तास झकास गेला. मग चढावर हातरिक्षा दिसली. एकजण पुढून ओढतोय, दोघं मागून रेटतायत, आत साहेब वेफर्स खातोय. त्या तिघांची जात मी विचारली नाही. पण इंजिन काढलं की त्याच्या जागी कुणाची पाठ लागते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

चाकाचा आणि आपला हिशेब जुना आहे. १९२९ साली चाळीसगावात टांगेवाले महाराला बसवून टांगा हाकायला तयार नव्हते. शेवटी वस्तीतल्याच एका न शिकलेल्या माणसानं लगाम धरला, टांगा मोरीवर आदळला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. तेव्हा आम्हाला वाहन नाकारलं. आता वाहनाच्या जागी माणूस जुंपायचा आणि त्याला निसर्गप्रेम म्हणायचं?

२०२२च्या डिसेंबरात माथेरानला ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली. घोडेवाल्यांनी विरोध केला. त्यांच्याही पोटाचा प्रश्न खोटा नाही. ६ ऑगस्ट २०२५ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं सांगितलं, माणसानं माणूस ओढणं अमानुष आहे, सहा महिन्यांत बंद करा. सरकारनं ई-रिक्षा घेऊन ओढणाऱ्यांनाच भाड्यानं द्याव्यात, पैसा नाही ही सबब चालणार नाही. स्वातंत्र्यानंतर ७८ वर्षांनी हे कोर्टाला सांगावं लागलं!

आमची वस्ती तर कधीपासूनच मोटारमुक्त आहे. बोळ चार फुटांचा. आजारी म्हातारीला खुर्चीत बसवून चौघं नाक्यापर्यंत उचलून नेतात, कारण ॲम्ब्युलन्स आत येत नाही. याला कुणी पर्यावरण म्हणत नाही. गलिच्छ वस्ती म्हणतात.

मग मोटारीशिवाय जगणं जमतच नाही का? जमतं. जर्मनीत फ्रायबुर्ग शहरात जुन्या लष्करी बराकींच्या जागी वाउबान नावाची वसाहत उभी राहिली. तिथं ज्याला मोटार पाहिजे त्यानं कडेच्या इमारतीत जागा विकत घेऊन ती तिथं लावायची. २००६पासून ट्राम वसाहतीत येते. शाळा, दुकानं पायी गाठता येतात. मोटार काढली, तिथं माणूस जुंपला नाही.

म्हणून मोटारमुक्तीच्या सभेत आपण जायचं, पुढच्या रांगेत बसायचं आणि एकच विचारायचं : म्हातारीला कोण नेणार? ओझं कोण वाहणार? उत्तर आधी द्या, मग टाळ्या मागा.

मोटार जाऊ दे. तिचं जू आमच्या खांद्यावर नको.