परिचारिकांची टंचाई की पदांची?

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावातील एसटी स्थानकाच्या भिंती नर्सिंग विद्यालयांच्या जाहिरातींनी भरून जातात. ‘शंभर टक्के नोकरी’ हे आश्वासन त्यांवर ठळक अक्षरांत छापलेले असते. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बी. एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा, असे हे तीन मार्ग. पहिल्या दोहोंना विज्ञान शाखेची अट नाही. साहजिकच शेतकऱ्यांच्या आणि कनिष्ठ नोकरदारांच्या मुली याच वाटेला वळतात. शुल्कासाठी कोठे शेत गहाण पडते, कोठे आईचे दागिने पतपेढीत जातात. पुढे प्रमाणपत्र हाती येते आणि भिंतीवरच्या आश्वासनाची किंमत कळू लागते.

देशात परिचारिका अपुऱ्या आहेत, असे सरकार सांगते आणि ते खोटे नाही. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १५७ नवी नर्सिंग महाविद्यालये जाहीर झाली, ती याच कारणासाठी. पण त्याच वेळी तालुक्याच्या गावात शिकलेली परिचारिका औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसलेली दिसते. ही विसंगती समजून घेतल्याखेरीज नव्या महाविद्यालयांचे स्वागत करणे उतावळेपणाचे ठरेल. गरज आणि मागणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. गरज रुग्णाची असते. मागणी मात्र वेतन देणाऱ्याच्या खिशातून निर्माण होते.

वेतन देणारा पहिला मोठा मालक म्हणजे शासन. राज्यातील शासकीय अधिपरिचारिकेचे सुरुवातीचे मूळ वेतन ३५,४०० रुपये आहे. गावातील मुलींचे डोळे या पदाकडे लागलेले असतात, यात नवल नाही. तीस खाटांच्या रुग्णालयाला किमान दहा परिचारिका असाव्यात, असे भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांच्या २०१२ च्या आवृत्तीत म्हटले आहे. तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्या आणि रजा यांचा हिशेब केला, तर दहाजणी असूनही एका पाळीला दोघी किंवा तिघीच उरतात. त्यांतील तीन पदे रिक्त राहिली, की रात्रपाळीच्या एकटीने प्रसूतिगृह सांभाळायचे, कक्षातील सलाइन बदलायचे आणि सर्पदंशाचा रुग्ण आला तर त्याच्याकडेही धावायचे! रिक्त पदामुळे तिजोरीत पैसे वाचतात. त्याची किंमत रुग्ण मोजतो.

ही उणीव कंत्राटाने भरून काढण्याची सवय २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानापासून वाढीस लागली. काम तेच, जोखीम तीच. नेमणूक मात्र अकरा महिन्यांची आणि वेतनाऐवजी मानधन. दहा वर्षे सेवा झालेल्यांना नियमित सेवेत सामावून घेण्याचा निर्णय राज्य शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतला. त्याच्या अंमलबजावणीसाठी कर्मचाऱ्यांना ऑगस्ट २०२५ मध्ये संपावर जावे लागले, ही वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे.

दुसरा मालक म्हणजे खाजगी रुग्णालय. दहा-पंधरा खाटांच्या अशा अनेक रुग्णालयांत दहावी-बारावी झालेली मुलगी हाताखाली शिकते, पांढरा कोट घालते आणि रुग्ण तिला ‘सिस्टर’ म्हणू लागतात. तिच्या मेहनतीबद्दल शंका नाही. परंतु इंजेक्शनची मात्रा चुकली, तर जबाबदार कोण? शिवाय ती अल्प पगारावर मिळत असताना नोंदणीकृत परिचारिकेला पुरेसे वेतन कोण देणार?

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये यावर शिफारशी केल्या. दोनशेहून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयात शासकीय परिचारिकेइतके वेतन आणि पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान २० हजार रुपये, असा त्यांचा गाभा होता. अंमलबजावणी राज्यांवर सोपवण्यात आली. केरळमध्ये परिचारिकांनी संघटित लढा दिला आणि २०१८ मध्ये तेथील सरकारने २० हजारांच्या किमान वेतनाची अधिसूचना काढली. तालुक्याच्या गावात विखुरलेल्या मुलींमागे तशी संघटना नाही.

लहान रुग्णालयाच्या डॉक्टरांची अडचण खोटी नाही. ज्याचे रुग्ण उधारीवर औषध नेतात, त्याला चार-पाच परिचारिकांचे पूर्ण वेतन परवडणे कठीण आहे. म्हणूनच आरंभ शासनाने करावयास हवा. मंजूर पदे कायमस्वरूपी भरली गेली, तर गावातील वेतनाची पातळी आपोआप वर सरकेल. प्रत्येक पाळीला निदान एक नोंदणीकृत परिचारिका असल्याशिवाय खाजगी रुग्णालयाची नोंदणी नूतनीकृत होऊ नये. आणि किती विद्यार्थिनींना कोठे, किती वेतनावर काम मिळाले, हे प्रवेशापूर्वी जाहीर करण्याचे बंधन विद्यालयांवर असावे.

रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने विसाव्या शतकाच्या आरंभी मध्यमवर्गीय घरांतील स्त्रियांना, विशेषतः विधवांना, परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळवले, तेव्हा अडथळा लोकलज्जेचा होता. तो आज बव्हंशी दूर झाला आहे. मुलगी नर्स होणार, हे बाप अभिमानाने सांगतो. आता अडथळा उरला आहे तो हिशेबाचा. पदे न भरता केवळ महाविद्यालये उघडत गेल्यास रुग्णालयांतील टंचाई हटणार नाही. गहाण पडलेल्या शेतांची संख्या तेवढी वाढेल.